बिळातली खाला

(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

आपल्या मराठीत ‘कोळी’ हा शब्द दोघांना पुरतो. दर्यात जाळं टाकतो तोही कोळी आणि घराच्या कोपऱ्यात जाळं विणतो तोही कोळीच. ज्याने कुणी दोघांना एका नावात बसवलं त्याची नजर पक्की होती. पण आज मी ज्याच्याविषयी बोलणार आहे, त्याला या नावाचा फारसा उपयोग नाही. तो हवेत जाळं टांगत नाही, माशी अडकायची वाट बघत नाही. जमिनीत बीळ करतो, बिळाला आतून रेशमाचं अस्तर लावतो आणि रात्र पडली की उंबऱ्याशी येऊन बसतो. हाताच्या पंजाएवढा, केसाळ, तपकिरी. पुस्तकात त्याला टॅरँटुला म्हणतात.

या नावाची गोष्ट मजेदार आहे. इटलीच्या दक्षिणेला तारांतो नावाचं शहर आहे. तिथल्या शेतात एक कोळी चावायचा आणि मग म्हणे माणसाला तासन्‌तास नाचावं लागायचं, नाहीतर विष उतरायचं नाही. त्यावरून ‘तारांतेला’ हे नृत्यही निघालं. तो बिचारा कोळी वेगळ्याच कुळातला, लांडगा-कोळी म्हणतात त्यांच्यातला. पुढे युरोपातले लोक अमेरिकेत गेले, तिथे त्यांना याहून कितीतरी मोठे केसाळ कोळी दिसले आणि त्यांनी हेच नाव त्यांना चिकटवलं. म्हणजे बदनामी एकाची आणि नाव दुसऱ्याला. आज या कुळातल्या हजारांहून जास्त जाती जगात नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या काही आपल्या सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर राहतात.

मी लोणावळ्याला तुंगार्लीत राहतो. राजमाचीला जाणारे ट्रेकवाले पोरं पाठीवर पिशव्या लावून ज्या बाजूने जातात, ती ही बाजू. घरामागे तांबड्या मातीची एक उभी दरड आहे, डोक्याएवढी उंच. वर करवंदीच्या जाळ्या. पाऊस इथे किती पडतो हे तुम्हाला सांगायला नको. चार महिने दरड पाझरत असते, तिच्यावर शेवाळ धरतं, नेचे उगवतात. त्या दरडीत बिळं आहेत. साधारण रुपयाच्या जुन्या मोठ्या नाण्याएवढं तोंड आणि तोंडाभोवती पांढुरक्या रेशमाची झालर. उंदराच्या वा खेकड्याच्या बिळाला ही झालर नसते. ओळखायची खूण हीच. पहिल्या पावसानंतर तिच्यावर दवासारखे थेंब बसतात, तेव्हा दिवसाही लांबून दिसते.

माझं शिक्षण बी.ए., तेही मराठी घेऊन. प्राणिशास्त्राशी संबंध नाही. पण कवितेला जी सवय लागते, एकाच गोष्टीकडे कंटाळा न करता बघत राहायची, ती इथे कामी आली. दरडीतल्या सगळ्यांत खालच्या, मोरीच्या पाइपाजवळच्या बिळात एक मादी आहे. गेली नऊ वर्षं मी तिला बघतो आहे. घरातल्या मुलांनी तिचं नाव ठेवलं ‘खाला’, म्हणजे मावशी. शेजारच्या वहिनी सुरुवातीला म्हणाल्या होत्या, “अहो भाई, थोडं रॉकेल ओता की आत, सुंठीवाचून खोकला जाईल.” आता त्यांचाच नातू संध्याकाळी विचारायला येतो, “चाचा, खाला आली का बाहेर?”

बाहेर येते म्हणजे काय, तर पुढचे चार पाय उंबऱ्यावर टेकवते. बस. तासभर, दोन तास. डोळे आठ आहेत, पण ते डोक्यावरच्या एका टेंगळात दाटीवाटीने बसवलेले आणि कामाचे फार कमी. उजेड-अंधार कळावा इतपतच. तिचं खरं बघणं अंगावरच्या केसांतून चालतं. त्यातले काही केस इतके नाजूक की हवा हलली तरी तिला कळतं. झालरीवरून रातकिडा चालला की त्याच्या पावलांचा थरकाप रेशमातून तिच्या पायांत पोचतो. मग जे होतं ते डोळ्याला दिसत नाही. रातकिडा असतो आणि मग नसतो.

खाण्याची तऱ्हाही ऐकण्यासारखी आहे. घरातल्या कोळ्याचे दात चिमट्यासारखे समोरासमोर मिटतात. हिचे कुदळीसारखे वरून खाली येतात. ही जुनी ठेवण. दात रोवला की ती पाचक रस सोडते, शिकार बाहेरच विरघळवते आणि तो रस्सा ओढून घेते. सकाळी बिळाच्या तोंडाशी एक कोरडी गोळी पडलेली असते, त्यात पंखांचे आणि पायांचे तुकडे. झुरळांच्या बाबतीत तर मला तिची ही सवय फारच आवडते. एवढं करून भूक मात्र बेताची. आठवड्यात एखादा किडा मिळाला तरी भागतं आणि काहीच मिळालं नाही तर या जातीचे कोळी महिनोन्‌महिने उपाशी काढू शकतात.

तिच्या चालण्याकडे बघताना मला नेहमी आमच्या गल्लीत येणाऱ्या जेसीबीची आठवण येते. तुलना कवीला शोभणारी नाही, पण खरी आहे. आपण गुडघा वाकवायला एक स्नायू वापरतो आणि सरळ करायला दुसरा. कोळ्याच्या पायातल्या मुख्य सांध्यांना वाकवणारे स्नायू आहेत, सरळ करणारे नाहीत. पाय लांब करायचा तर शरीरातलं रक्त दाबाने पायात ढकलायचं, जेसीबीचा हात तेलाच्या दाबाने उघडतो तसं. म्हणून मेलेला कोळी नेहमी पाय पोटाशी घेऊन पडलेला दिसतो. दाब गेला, पाय मिटले. आणि ते रक्तही आपल्यासारखं लाल नाही. आपल्या रक्तात लोह, तिच्या रक्तात तांबं, त्यामुळे त्याला निळसर झाक.

या सगळ्यात मोठा सोहळा म्हणजे कात टाकणं. सापाची कात सगळ्यांना माहीत आहे. कोळ्याचं कवच वाढत नाही, म्हणून वाढायचं असेल तर ते उतरवावंच लागतं. लहान पिल्लं वर्षातून अनेकदा कात टाकतात, मोठी मादी साधारण वर्षा-दीड वर्षाने. त्याआधी ती खाणं सोडते आणि बिळाचं तोंड रेशमाने बंद करून घेते. बिळात काय चालतं ते दिसत नाही. पण ज्यांनी काचेच्या पेटीत हे कोळी पाळले आहेत त्यांच्यामुळे आपल्याला ते माहीत झालं आहे. कोळी चक्क पाठीवर उताणा होतो. नवशिक्याला वाटतं, गेला! मग पाठीवरचं कवच डबीच्या झाकणासारखं उघडतं आणि तो एकेक पाय जुन्या पायातून ओढून काढतो, हातमोजा काढावा तसा. काही तास हे चालतं. दाताची जुनी खोळ निघते, श्वसनाच्या पिशव्यांचं अस्तरसुद्धा निघतं. नवे दात आधी पांढरे आणि मऊ असतात, ते काळे आणि टणक व्हायला काही दिवस लागतात, तोवर उपास. एखादा पाय पूर्वी तुटला असेल तर नव्या काती बरोबर तो पुन्हा उगवतो. आधी बारीक, पुढच्या खेपेला भरलेला. खाला दार उघडते त्या आठवड्यात जुनी कात बिळाबाहेर टाकलेली सापडते. आठ पायांसकट अख्खी, पण हलकी, फुंकर मारली तर उडेल अशी. माझ्याकडे अशा पाच काती आहेत, काड्यापेटीत कापूस घालून ठेवलेल्या. पाळण्याचा माझा शौक इतकाच.

नरांचं नशीब वेगळं. मादी वीस वर्षंही जगते. नर वयात आला की त्याच्या हाती उरतात काही महिने, फार तर वर्षभर. शेवटची कात टाकल्यावर तो बीळ सोडतो, पावसाळी रात्री भटकत निघतो आणि तेव्हाच आपल्या न्हाणीघरात वा चपलेत सापडतो. म्हणजे तुमच्या घरात येतो तो हल्ला करायला नव्हे, लग्नाच्या खटपटीत असतो. मादीचं बीळ सापडलं की दारावर पायांनी ठेका धरतो. ठेका पसंत पडला तर ती बाहेर येते. नाही पडला, किंवा काम झाल्यावर पळायला उशीर झाला, तर तो तिचं जेवण होतो. पुढे ती रेशमाच्या पुरचुंडीत अंडी घालते, पुरचुंडी सांभाळते, आणि पिल्लं काही काळ आईच्याच बिळात राहतात. मग त्यातली बहुतेक पाली, बेडूक, पाखरं खाऊन टाकतात. शिवाय एक शत्रू असा की त्याची गोष्ट रात्री लहान मुलांना सांगू नये. एक गांधीलमाशी असते, ती कोळ्याला डंख मारून लुळा करते, मारत नाही. त्याच्या अंगावर एक अंडं घालते आणि त्याला पुरते. अळी बाहेर आली की ताजं अन्न तयार.

तुम्ही म्हणाल, विषाचं काय? विष आहेच. नाही म्हणणं खोटं ठरेल. अमेरिकेतल्या टॅरँटुलांच्या पोटावर खाजरे केस असतात. संकट आलं की ते केस झटकतात. आपल्याकडच्यांना ही सोय नाही, म्हणून ते आधी पळतात, पळता आलं नाही तर पुढचे पाय वर करून दम देतात आणि तरीही ऐकलं नाही तर चावतात. दुखतं, सूज येते. झाडावर राहणाऱ्या काही जातींच्या चावण्याने स्नायूंत गोळे येतात आणि ते काही दिवस टिकू शकतात. चावला तर डॉक्टरकडे जावं. पण सुदृढ माणूस नुसत्या या विषाने मेल्याची पक्की नोंद नाही. २०१२ मध्ये आसामात सदिया भागात कोळ्यांची मोठी घबराट उडाली होती, दोन मृत्यूंच्या बातम्या आल्या. त्या रुग्णांच्या जखमा आधी वैदूंनी ब्लेडने चिरल्या होत्या, हेही त्याच बातम्यांत होतं; मथळ्यात मात्र कोळीच होता.

दम देण्याचीही कला आहे. ‘चिलोब्रॅकिस’ नावाचा एक वंश आपल्या घाटांतही आढळतो. त्यातले कोळी तोंडाजवळचे राठ केस एकमेकांवर घासून आवाज काढतात, फुस्स केल्यासारखा. कलकत्त्याच्या इंडियन म्युझियममधल्या जेम्स वुड-मेसन यांनी आसामातल्या अशा बोलक्या कोळ्याविषयी १८७०च्या दशकात लिहिलं, तेव्हा कोळी आवाज करतो हे नवलच होतं. झाडाच्या ढोलीत राहणारा सह्याद्रीतला ‘पेसिलोथेरिया रेगॅलिस’ पुढचे पाय उचलतो तेव्हा खालून हळदीसारखा पिवळा रंग चमकतो. धमकी इतकी देखणी असू शकते!

आमच्या घरी कोळ्याला मारत नाहीत, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पैगंबरसाहेब मक्का सोडून निघाले, ते सन ६२२. परंपरा सांगते की ते आणि हजरत अबू बक्र सौर नावाच्या गुहेत थांबले, तेव्हा कोळ्याने गुहेच्या तोंडावर जाळं विणलं आणि पाठलाग करणारे ते अखंड जाळं बघून परत फिरले. नानी ही गोष्ट सांगायची आणि जळमटं काढतानाही आधी कोळ्याला झाडूने हलकेच बाजूला करायची. कुराणातल्या एकोणतिसाव्या सूरेचं नावच ‘अन्कबूत’, म्हणजे कोळी. त्यात कोळ्याच्या घराचा दृष्टान्त आहे, सगळ्यांत दुबळं घर म्हणून. तो दृष्टान्त माणसांसाठी आहे, हे मला ठाऊक आहे. पण दरडीकडे बघताना तो आठवतोच.

आता पाळण्याविषयी. ही हौस नवी नाही. १७०५ मध्ये मारिया सिबिला मेरियन या चित्रकर्तीने सुरिनाममधले कीटक रंगवून पुस्तक काढलं. त्यातल्या एका चित्रात मोठा कोळी पाखरू खातो आहे. पुढच्या विद्वानांनी तिला थापाडी ठरवलं. दीडशे वर्षांनी, १८६३ मध्ये, हेन्री बेट्स या निसर्ग-अभ्यासकाने ॲमेझॉनच्या जंगलातून परत येऊन लिहिलं की असा कोळी आणि त्याने पकडलेली पाखरं आपण स्वतः पाहिली. त्याच बेट्सने तिथल्या मुलांनी एका टॅरँटुलाच्या कमरेला दोरी बांधून त्याला कुत्र्यासारखं घरभर फिरवल्याचंही नोंदवलं आहे. आज युरोप-अमेरिकेत हजारो घरांत काचेच्या पेट्या आहेत. कोळ्याला रोज फिरवावं लागत नाही, तो भुंकत नाही, आठवड्याला एक किडा आणि वाटीभर पाणी पुरतं. मी या लोकांची टिंगल करणार नाही. त्यांच्या वह्यांमधून किती जातींची वाढ, वय, अंडी यांची माहिती मिळाली आहे.

पण त्या पेटीची दुसरी बाजू आंध्रात आहे. १८९९ मध्ये रेजिनाल्ड पोकॉक या इंग्रज शास्त्रज्ञाने गुत्तीच्या रेल्वे लाकूडवखारीत मिळालेल्या एका कोळ्याचं वर्णन केलं. निळा, मोरपंखी निळा कोळी. नाव दिलं ‘पेसिलोथेरिया मेटॅलिका’. त्यानंतर शंभर वर्षं तो कुणाला दिसला नाही. २००१ मध्ये नंद्याल आणि गिद्दलूर यांच्यामधल्या जंगलात सापडला, गुत्तीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर. तेव्हा कळलं की पहिला बहुधा आगगाडीच्या लाकडांतून गुत्तीला आला असावा. लहानशा पट्ट्यातलं ते जंगल, तिथली जुनी पोकळ झाडं सरपणासाठी तुटतात. २००८ मध्ये त्याची गणना अतिसंकटग्रस्त म्हणून झाली. आणि परदेशी शौकिनांच्या पेट्यांत मात्र त्याची पैदास चालू. २०१९ मध्ये जिनिव्हाच्या बैठकीत हा सगळा वंश वन्यजीव-व्यापारावरच्या ‘साइट्स’ कराराच्या यादीत आला. आपल्या वन्यजीव कायद्यातही २०२२ मध्ये दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. या करारातल्या यादीचे जिवंत प्राणी बाळगायचे तर नोंदणी करावी लागते. पुण्याहून एक कॉलेजकुमार मध्यंतरी आला होता, मोठा गोड मुलगा, हातात प्लास्टिकची बरणी. म्हणाला, “सर, एक पिल्लू नेतो.” मी म्हटलं, “बरणी चहासाखरेला ठेव, रात्री दहाला ये आणि खुर्ची घेऊन बस.” बसला. साडेबारापर्यंत बसला.

बसण्याची खरी थोरवी ऑस्ट्रेलियातल्या बार्बरा यॉर्क मेन यांची. त्यांनी १९७४ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका राखीव जागेत बिळाला झाकण करणाऱ्या कोळ्यांच्या बिळांवर नंबर लावले. हे कोळी टॅरँटुलांचे चुलत भाऊबंद. सोळा नंबरच्या बिळातली मादी त्या जवळजवळ चार दशकं बघत राहिल्या. २०१६ मध्ये बिळाचं झाकण भोसकलेलं आढळलं, गांधीलमाशीचं काम. मादीचं वय तेव्हा त्रेचाळीस. जगातला सर्वांत दीर्घायुषी कोळी म्हणून तिची नोंद आहे, आणि तिला कुणी पेटीत घातलं नव्हतं. मेनबाई २०१९ मध्ये गेल्या.

आपल्याकडेही बघणारे आहेत. मुंबईच्या आरे वसाहतीत, म्हणजे दूधकेंद्रं आणि बसथांब्यांच्या मध्ये, झीशान मिर्झा आणि राजेश सानप या अभ्यासकांना टॅरँटुलाची नवी जात मिळाली. २०१४ मध्ये तिचं नाव ठेवलं ‘हेटेरोफ्रिक्टस आरेएन्सिस’. विषय निघाला म्हणून सांगतो, २०२१ मध्ये ठाणे-कल्याणकडे सापडलेल्या एका छोट्या उड्या मारणाऱ्या कोळ्याला २६/११ चे शहीद तुकाराम ओंबळे यांचं नाव दिलं गेलं, ‘आयसियस तुकारामी’.

असं काही सापडायचं तर दरडी उरल्या पाहिजेत. मागच्या मार्चमध्ये आमच्या मागच्या प्लॉटवर चुन्याच्या रेघा पडल्या. बंगला, पोहण्याचा तलाव, दरडीला सिमेंटची भिंत. मी बिळं मोजून ठेवली होती, चौदा. ही मादी एकदा बिळात बसली की वर्षानुवर्षं हलत नाही. तिला उठून दुसरीकडे जा म्हणता येत नाही, आणि सिमेंटमध्ये तर कुणालाच बीळ करता येत नाही. मुकादम ओळखीचा निघाला. म्हणाला, “चाचा, एका कोळ्यापायी भिंत वाकडी करायची का?” मी म्हटलं, “भिंत वाकडी नको करूस. आमच्या कोपऱ्यात सिमेंटऐवजी गडग्यासारखे दगड रच. पाणीही निचरेल, भिंत फुगणार नाही.” पाण्याचा मुद्दा त्याला पटला, कोळ्याचा नाही. मालकानेही खर्च कमी म्हणून होकार दिला. अकरा बिळं जेसीबीखाली गेली. तीन राहिली. त्यांतलं एक खालाचं. दगडांच्या फटीत या पावसाळ्यात दोन बारीक झालरी दिसल्या, नखाएवढ्या.

तुम्हाला बघायचं असेल तर जून-जुलैतली, पाऊस थांबलेली रात्र निवडा. घाटात, कोकणात, जिथे जुनी मातीची दरड, दगडी बांध किंवा ढोलीचं झाड असेल तिथे. विजेरीच्या काचेवर लाल जिलेटिनचा कागद लावा. तो उजेड त्यांना जवळजवळ कळत नाही. पायात बूट असू द्या, कारण त्याच दरडीत विंचू आणि फुरसंही असतं. बिळात काडी घालू नका, पाणी ओतू नका, झालर तोडू नका. हातभर अंतरावर बसा. जांभया येतील. आठ वाजता काही दिसलं नाही तर दहाला पुन्हा जा. खाला बहुतेक दहानंतरच येते.